‘कौले घालून कमजोर केलेला स्लॅब’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

श्री. ‘जाणकार’ यांस,
स. न. वि. वि.

सावंतवाडीजवळ कमी खर्चात बांधलेल्या आमच्या घरावरील लेखाखाली आपली प्रतिक्रिया वाचली. स्लॅबमध्ये कौले घालून मी तो कमजोर केला, स्वतःच्या वेळेची किंमत हिशोबात धरली नाही, चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ दिसते आणि विटांच्या पोकळ भिंतीची रॅट-ट्रॅप बाँड ही रचना वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी शोधल्याचे विधान चूक आहे, असे आपले चार आक्षेप आहेत. पाचवे वाक्य ‘लोकांना उगाच टोप्या घालू नका’ असे आहे. त्याला आक्षेप म्हणत नाहीत.

बेकर यांच्याविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीच्या पोटात पोकळी ठेवण्याची रीत इंग्लंडमध्ये त्यांच्या 1917 सालच्या जन्माआधीपासून होती. त्यांनी ती केरळात रुजवली. लेखात तशी दुरुस्ती केली आहे. आमचे घर चिऱ्याचे असून त्यात एकही वीट नाही, त्यामुळे या चुकीने खर्चात एका रुपयाचाही फरक पडत नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.

आता टोप्यांविषयी. मी कोणाला काही विकत नाही, कोणत्याही सिमेंटची जाहिरात करत नाही, आणि ज्या घराविषयी लिहिले त्यात स्वतः राहतो. खोटे नाव धारण करून, घर प्रत्यक्ष न पाहता, छायाचित्रावरून माणसाच्या हेतूविषयी निकाल देणे ही कोणती जाणकारी, हे मला समजलेले नाही. आपण ‘मला शंका आहे’ असे लिहिले असते, तर हे उत्तर चार ओळींत संपले असते.

परंतु आपण ‘कमजोर’ हा शब्द वापरला आहे. स्लॅबवर भार आला की भिंतींच्या मधल्या भागात त्याच्या वरच्या थरावर दाब आणि खालच्या थरावर ताण येतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फार थोडा. तो सळईच घेते. म्हणजे तेथे खालच्या थरातले काँक्रीट सळईला धरून ठेवते, तिला गंजण्यापासून जपते, आणि त्यापलीकडे बहुतांशी स्वतःचेच वजन वाढवते. फिलर स्लॅबमध्ये सळयांच्या जाळीतील मोकळ्या चौकोनांत कौले बसवून हेच बिनकामाचे काँक्रीट वाचवतात. सळयांभोवती आणि कौलांच्या वर काँक्रीट पूर्ण असते. दोन कौले एकमेकांवर पालथी घातली की मध्ये हवा कोंडली जाते आणि एप्रिल-मेमध्ये खोलीत उतरणारी उष्णताही कमी होते.

यात चुका होऊ शकत नाहीत, असे मी लेखात कोठेही म्हटलेले नाही. कोरडी कौले काँक्रीटमधले पाणी शोषून घेतात, म्हणून आम्ही ती रात्रभर भिजत घातली. गॅलरीचा बाहेर काढलेला भाग भरीव ठेवला, कारण तेथे हिशोब उलटा होतो, ताण वर आणि दाब खाली. भिंतींलगतचा पट्टाही भरीव आहे. पहिल्या ठेकेदाराला हे पटले नाही. ‘कौले छपरावर घालतात, स्लॅबात नव्हे’ असे म्हणून तो काम सोडून गेला, आणि त्याचे वाक्य आपल्या प्रतिक्रियेत जवळजवळ जसेच्या तसे वाचून मला गंमत वाटली. सळयांचे आकडे माझे नव्हेत. ते माझ्या मेहुण्यांनी काढून दिले, जे या विषयातले अभियंते आहेत. त्यांनी फी घेतली नाही, म्हणून ती खर्चाच्या तक्त्यात नाही. तो आमच्या घरातला व्यवहार आहे.

आणि गवंडीकाम मला पुस्तकातून कळलेले नाही. माझे वडील गवंडी होते. शाळेच्या सुट्टीत परांचीवर घमेली चढवून मी वह्या-पुस्तकांचे पैसे मिळवले आहेत. या घराची कौलेसुद्धा आजोबांच्या पडक्या घराची, एकेक हाताने उतरवून, ठोकून, नाद ऐकून निवडलेली आहेत. चौदा महिने मी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या जागेवर उभा होतो. स्लॅब मेच्या पहिल्या आठवड्यात भरला, त्यावर आळी बांधून पंधरा दिवस पाणी साठवून ठेवले आणि एकही दिवस ते आटू दिले नाही. कोणत्या ठेकेदाराचा माणूस हे करतो, ते आपणच सांगावे.

माझ्या वेळेच्या किमतीचा मुद्दा गौण आहे. निवृत्त माणसाच्या वेळेला बाजारात भाव नसतो आणि आवडीच्या कामाची कोणी मजुरी लावत नाही. नोकरी करणाऱ्यांना हे जमेल का, हा प्रश्न आपण त्यांनाच विचारावा. मी माझ्या घराविषयी लिहिले आहे.

शेवाळाचे म्हणाल, तर गिलावा न केलेल्या चिऱ्यावर कोकणातल्या पावसात शेवाळ येणारच. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, नीट भरलेल्या असतील तर ते पृष्ठभागावरच राहते आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळते. ते छायाचित्र ऑगस्टमधले आहे.

आपल्या समाधानासाठी चौथ्या पावसाळ्यानंतर छताचे खालून घेतलेले छायाचित्र लेखात जोडले आहे. त्यात डाव्या कोपऱ्यात जो ओलसर डाग दिसतो, तो वरच्या टाकीच्या नळाचा आहे, स्लॅबचा नव्हे.