व्हायब्रेशन्सवरून चाललेलं भांडण

कॉलेजच्या ग्रुपवर परत तेच. एकीने लिहिलं की नव्या ऑफिसात व्हायब्रेशन्स निगेटिव्ह आहेत, लगेच एकाने किती हर्ट्झ ते सांग म्हणून तिला धारेवर धरलं आणि मग नेहमीचं वाक्य आलंच, आपलेच लोक असले अडाणी, बाहेर असलं कोणी बोलत नाही.

अरे, बाहेर मी राहतोय! व्हिएन्नात ह्यूमनएनर्गेटिकर, म्हणजे माणसाच्या अंगातली ऊर्जा ठीक करून देतो म्हणणारा, हा रीतसर नोंदणीचा धंदा आहे. इथल्या एका नव्या मोठ्या हॉस्पिटलभोवती ऊर्जेचं संरक्षक कडं करायला एकाला 95,000 युरो दिले गेले, 2018 मध्ये ते बाहेर आलं आणि प्रचंड गदारोळ झाला. अडाणीपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असं नाही.

आणि दुसरीकडचे शब्द उचलण्यात शास्त्रज्ञ तरी कुठे मागे आहेत? एनर्जी हा शब्द अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेला, भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यंगने 1807 मध्ये छापलेल्या व्याख्यानांत त्याला वस्तुमान आणि वेगाच्या वर्गाशी बांधलं. एंट्रॉपी हा शब्द भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियसने 1865 ला उष्णतेच्या अभ्यासासाठी घडवला, पुढे व्हिएन्नाच्या बोल्ट्झमनने त्याला अणूंच्या मांडणीशी जोडलं (इथल्या 71 नंबरच्या ट्रामने स्मशानभूमीत गेलात तर त्याच्या थडग्यावर ते सूत्र कोरलेलं दिसेल), आणि 1948 मध्ये गणितज्ञ शॅननने तोच शब्द माहिती मोजायला घेतला. पण त्याने सोबत स्वतःची व्याख्या दिली, आकडेमोड करून दाखवली.

शोधायला गेलं की गायब होणाऱ्या बगला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीला, आम्ही प्रोग्रॅमर हायझेनबग म्हणतो, क्वांटमवाल्या हायझेनबर्गच्या नावावरून. डीबगर, म्हणजे चूक शोधायचं साधन, लावला की टायमिंग बदलतं, बग पळतो, डीबगर काढला की परत हजर. यात क्वांटम काही नाही हे टीममधल्या सगळ्यांना माहीत असतं. गेमर आज आरएनजी (गेममधले यादृच्छिक आकडे काढणारा भाग) खराब होता म्हणतो तेव्हा त्याला नशीब म्हणायचं असतं. त्या मैत्रिणीलाही एवढंच सांगायचं होतं की तिथे तिला बरं वाटत नाही, ते विचारायचं सोडून सगळे हर्ट्झ मागत बसले. माझा राग आहे तो असल्याच शब्दांच्या जोरावर आजारी माणसाला क्वांटमचं यंत्र विकणाऱ्यावर, कारण तो प्रयोगशाळेची पत वापरतो आणि मोजून दाखवा म्हटलं की अध्यात्मात शिरतो.

हे सगळं लिहिलं तर उत्तर आलं, तू तिकडे गेलास, तुला इथलं काय कळणार. लागलं ते. इथे योगाच्या क्लासला टीचर एनर्जी वाहतेय म्हणाली की सगळे होकारासाठी माझ्याकडे बघतात, भारतीय म्हणून, आणि मी इंजिनियर असून गप्प बसतो, कारण जर्मनमध्ये वाद घालताना मी अर्धाच उरतो. पूर्ण ताकदीने भांडायला मला तो ग्रुपच लागतो, म्हणून कितीही चिडलो तरी तो मी सोडत नाही.