गटार, बॅरल आणि कागलकडून येणारा ताप: निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

घरात साठवलेल्या पाण्याच्या बॅरलमध्ये डेंग्यूचे डास होतात, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नळ आठ-आठ दिवसांनी सोडायचा आणि बॅरल भरून ठेवलं म्हणून बायाबापड्यांना बोल लावायचा, हा उफराटा न्याय झाला. खरं मूळ तुंबलेली गटारं, त्यात फॉगिंग बंद, आणि डेंग्यू तर सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या कागल-कोल्हापूरकडून येतो. शिवाय गल्लीत घरटी कुणी ना कुणी तापाने पडलेलं असताना सरकारी आकडा दोन-चारच कसा?

गटाराचं आधी उरकतो. गटारातला डास बहुतेक करून क्युलेक्स. तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. डेंग्यूचा एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी. गटारासाठी नगरपालिकेशी जरूर भांडा, पण ते लख्ख झालं म्हणून डेंग्यू हटणार नाही.

आता बॅरल. एडिसची मादी बॅरलच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, मोहरीहून बारीक काळी अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. आठवड्यात बॅरल निम्मं होतं, नळ येतो, आणि शिळ्या पाण्यावरच नवं पाणी सोडलं जातं. पाणी चढतं, अंडी भिजतात आणि फुटतात. पावसाळी उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणजे साधारण पुढच्या नळापर्यंत एक खेप तयार.

‘आम्ही दर आठवड्याला बॅरल धुतो’ असं तुम्ही लिहिलंय. धुणं म्हणजे विसळणं असेल तर उपयोग नाही, अंडी जागची हलत नाहीत. नळ यायच्या दिवशी तळाचं पाणी मोरीत न ओतता परड्यातल्या मातीवर ओता, म्हणजे अळ्या मरतात. मग काथ्या किंवा ताठ ब्रश घेऊन आतून पाण्याच्या रेषेच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली खसखसून घासा. बॅरल उपडं घालून वाळू द्या आणि मगच भरा. झाकण वाकडं असेल तर डासाला सावली आणि पाणी दोन्ही आयतंच मिळतं. त्यापेक्षा जुन्या सुती साडीचं दुपदरी फडकं दोरीने आवळून बांधा. ते मध्ये झोळ पडून पाण्याला टेकता कामा नये.

सिमेंटचा हौद असा रिकामा होत नाही. तिथे टेमेफॉस, म्हणजे लोक ज्याला ॲबेट म्हणतात ते ५० टक्क्यांचं औषध, १००० लिटरला २ मिली. तेही आरोग्य कर्मचाऱ्याच्या हातूनच. वास येतो म्हणून कर्मचाऱ्याने पाठ फिरवताच लोक हौद उपसतात, मग औषधही गेलं आणि कर्मचाऱ्याचा दिवसही. वापराच्या पाण्याचा हौद असेल तर गप्पी मासे सोडणं सगळ्यात सोपं.

नळाबद्दलचा तुमचा राग मात्र मला पटतो. बेळगाव शहरात काही वॉर्डांना २००८ पासून चोवीस तास पाणी आहे, तिथे बॅरलची गरजच उरत नाही. बाकीच्यांनी साठवायचं नाही तर प्यायचं काय? कर्नाटकाने २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग ठरवून दंड लावले: अळ्या सापडल्या तर घराला शहरात ४०० रुपये, खेड्यात २००, बांधकामाच्या जागेला शहरात २०००. माझ्या मते पावती-पुस्तक आधी बांधकामांवर उघडावं. स्लॅबवर साठवलेलं पाणी आणि क्युरिंगच्या (काँक्रीट ओलं ठेवायच्या पाण्याच्या) टाक्या यांच्याकडे आठवडाभर कुणी ढुंकूनही बघत नाही.

फॉगिंगचा धूर फक्त उडत्या डासाला मारतो, अळीला काही होत नाही. एडिस बसतो खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली, कपाटाच्या आड. गाडी गल्लीत शिरली की आपण पटापट दारं-खिडक्या लावतो, आणि डास आत सुखरूप राहतो. त्यापेक्षा रुग्णाच्या आणि आसपासच्या घरांत आतून पायरेथ्रम या डासनाशकाची फवारणी कामाची. २ टक्क्यांच्या अर्काचा एक भाग, रॉकेल एकोणीस भाग. चूल-गॅस बंद, अन्नपाणी झाकलेलं, माणसं बाहेर.

आकड्याचं कोडं फारसं अवघड नाही. खासगी लॅबमधल्या झटपट कार्ड टेस्टचा पॉझिटिव्ह सरकारी हिशेबात ‘संशयित’ धरतात. एलायझा ही प्रयोगशाळेतली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तरच तो पक्का रुग्ण. ताप येऊन पाच दिवस झाले नसतील तर एनएस-१ (विषाणूचा अंश शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). पाच-सहा दिवस अंगावर काढून एनएस-१ केली की ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते आणि घरचे म्हणतात, साधा ताप होता.

आणि ‘कागलकडून येतो’! तिकडे महाराष्ट्रातले चंदगडकर हेच बेळगावबद्दल म्हणतात. डास स्वतः जन्मला तिथून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाही. सीमा ओलांडतो तो एसटीत बसलेल्या माणसाच्या रक्तातला विषाणू. किंवा ट्रकवरचे जुने टायर: त्यात चिकटलेली कोरडी अंडी दुसऱ्या राज्यात पहिल्या पावसाला फुटतात. हायवेवरच्या पंक्चरवाल्यांनी टायर उपडे घालून भागत नाही, पाणी आतल्या खोबणीत राहतंच. शेड किंवा ताडपत्री हवी.

रुग्णाकडून डासाला लागण होते ती ताप यायच्या आदल्या दिवसापासून साधारण पाच दिवस. तो डास लागण देण्याजोगा व्हायला आणखी ८ ते १२ दिवस लागतात. म्हणजे पहिल्या रुग्णानंतर आठवडाभराची सवड मिळते. तेवढ्यात त्याच्या भोवतालच्या घरांतली भांडी घासली आणि आत फवारणी झाली तर साखळी तुटते. सीमाभागात नेमकी हीच सवड कागदात जाते. चंदगडचा रुग्ण बेळगावात दाखल, खबर बेळगावच्या जिल्हा कार्यालयाला, तिथून कोल्हापूरला, मग तालुक्याला, मग प्राथमिक आरोग्य केंद्राला. वर केसपेपरवर आधारचा पत्ता. माणूस बेळगावच्या उद्यमबागेत खोली घेऊन राहतो आणि आरोग्य पथक पोहोचतं त्याच्या गावच्या घरी, जिथे तो गणपतीनंतर गेलेलाच नाही.

तेव्हा तुमच्या गल्लीत कुणी दवाखान्यात गेलं तर केसपेपरवर सध्या राहतो तो पत्ता आणि गेल्या दोन आठवड्यांत मुक्काम कुठे होता ते लिहून घ्यायला सांगा. कार्ड पॉझिटिव्ह आलं की एलायझाची वाट न बघता त्याच दिवशी आशाताईंना कळवा. रुग्ण पलीकडचा, महाराष्ट्रातला असेल तर तिकडच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक), अलीकडचा असेल तर पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला) फोन करा. दोन्हीकडे राहत असेल तर दोघांनाही.