पोरगी नांदती का?

आमच्याकडं लग्न झालेल्या पोरीच्या बापाला कुणीही गाठलं की सवाल ठरलेला, "पोरगी नीट नांदती का?" पोराच्या बापाला "पोरगं नीट नांदतंय का" असं विचारलेलं मी अख्ख्या लातूर जिल्ह्यात ऐकलं नाही. नांदायचं ते एकानंच. त्यामुळं सकाळी सकाळी मोबाइलवर "अपेक्षा सोडा, स्वीकार करा, सुखी व्हा" असा सुविचार आला की मला वाटतं, हे नेमकं सांगताय कुणाला?

माझ्याच घरचं सांगतो. (बायकोला विचारून लिहितोय, काळजी नसावी.)

तीन वर्षांखालची येळवस. बाहेरच्यांसाठी : मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गाव रिकामं आणि शिवार भरलेलं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, कोपीत पांडवांची पूजा, बिंदग्यात म्हणजे मडक्यात आंबील, बाजरीचे उंडे आणि भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. तूर, वाल, वाटाणा असले ओले दाणे, पालेभाज्या, बेसन, चिंच. सोलण्या-निवडण्यातच दोन दिवस जातात.

मी हापिसातली बावीस माणसं शेतात बोलावली. घरी सांगितलं आदल्या रात्री. बायको अडीचला उठली. दुपारी मंडळी बोटं चाटत होती आणि मी छाती फुगवून, "आमच्या घरची भज्जी आहे, खा!" तिला केवढा आनंद झाला असेल, असं मी आपलं धरून चाललो.

परत येताना गाडीत ती गप्प. पुढं चार दिवस गप्प. काय झालं? "काही नाही." पाचव्या दिवशी बोलली. "बावीस काय, चाळीस माणसांचं केलं असतं. पण आणायच्या आधी विचारायचं तरी. आणि एकदा तरी म्हणायचं, तू बस, मी वाढतो."

म्हणजे मला कौतुकाची पावती हवी होती आणि तिला एक वाक्य. दोघांनीही मागितलं नव्हतं.

जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं जोडप्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की जोडप्यांच्या वादातले जवळपास ६९ टक्के विषय कायमचे सुटतच नाहीत, ते स्वभावातूनच येतात. हे वाचून मला तर हायसं वाटलं. मी माणसांचा भुकेला, तिला चार माणसांच्या वर गर्दी नको. हे आता मिटणार नाही, आणि न मिटताही आमचं बरं चाललंय. पण "विचारायचं तरी" हा काही स्वभावाचा विषय नव्हता. तो निव्वळ माझा आळस होता, आणि तो तिनं 'स्वीकारावा' असं मला एकोणीस वर्षं वाटत होतं. दारू आणि मारझोड तर यात धरूच नका. तिथं "जुळवून घे" म्हणणाऱ्या मावशा-आत्यांना मी हात जोडतो.

आमच्या मायनं आयुष्यभर जुळवून घेतलं. सगळे म्हणतात, सुखात होती. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या येळवशीला विचारून सहाच माणसं बोलावली. तुरीच्या शेंगा दोन संध्याकाळ मी सोलल्या, नखं दुखून आली. बायकोचं म्हणणं, त्यात निम्मे दाणे किडके होते. यंदा चष्मा लावून बसवणार म्हणती.