परदेशातून: चित्र काढणाऱ्या हाताला गुण, पाहणाऱ्या डोळ्यांचं काय?

दहावीच्या निकालाचे दिवस आले की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो: इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचे वाढीव गुण द्यावेत की नाहीत? ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. एक गट म्हणतो, ही खिरापत आहे. दुसरा म्हणतो, गुण गेले तर चित्रकलेचा तास गणिताचे सर घेऊन टाकतील. (घेतीलच. आमच्या वेळी गुण असूनही घ्यायचे.)

ॲमस्टरडॅममध्ये बसून हे वाचताना जाणवतं की दोन्ही गट हाताबद्दलच बोलतायत. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन, सगळीकडे मूल काढतंय. दुसऱ्या कुणी काढलेल्या चित्रासमोर उभं राहून चार वाक्यं बोलायची वेळ त्याच्यावर येतच नाही.

इथल्या राइक्सम्युझियममध्ये १८ वर्षांपर्यंत प्रवेश मोफत आहे. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’समोर शाळेची मुलं फतकल मारून बसलेली असतात. १६४२ सालचं हे चित्र साडेचार मीटर रुंद, त्यात कॅप्टन, बंदुका, भाले. मुलांची नजर मात्र पिवळ्या झग्यातल्या मुलीवर जाते, आणि तिच्या कमरेला उलट्या टांगलेल्या मेलेल्या कोंबडीवर. “ती बाजारातून आलीय.” “कशावरून?” “कोंबडी आहे ना!” “मग या बंदुकवाल्यांत काय करतेय?” इथे वर्ग अडतो, आणि मग सगळे नीट बघायला लागतात.

हा ‘कशावरून’ अमेरिकेतल्या ॲबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांच्या चित्र पाहायला शिकवण्याच्या पद्धतीचा कणा आहे. चित्रात काय चाललंय, कशावरून म्हणतोस, आणखी काय दिसतं, एवढेच प्रश्न. शिक्षकाने आपल्याकडची माहिती शक्यतो सांगायची नाही. हे शेवटचं मला पटत नाही. कोंबडीचे पंजे हे त्या बंदूकधाऱ्यांच्या संघाच्या चिन्हाशी जोडलेले आहेत, हे मुलं पुरेशी चक्रावल्यावर सांगून टाकावं. सुरुवातीलाच सांगितलं असतं, तर वहीत उतरवून मोकळी झाली असती.

इथलं सगळंच अनुकरणीय आहे असंही नाही. मुलं बोलतात भरपूर, पण कुणी काहीही म्हटलं तरी ‘छान’, आणि कधी कधी चित्र बाजूला राहून गप्पा सुट्टीच्या विषयावर जातात. पेन्सिलीने कापडाच्या घड्या पकडताना घाम गाळलेलं आपल्याकडचं मूल कॅप्टनच्या छातीवरच्या लाल पट्ट्याकडे जास्त जाणतेपणाने बघेल. म्हणून परीक्षा राहू द्या, गुणही राहू द्या.

पण अजिंठ्याच्या सहलीत पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी ‘वाकाटक काळ, पाचवं शतक’ एवढ्यावर उरकू नका. आजूबाजूला इतकी माणसं असताना हा खाली का बघतोय, हे मुलांना विचारा. सहल परवडत नसेल तर मोठं छापील चित्र चालेल. साठ मुलांच्या वर्गात चारच बोलतात, त्याला आधी जोड्यांत बोलायला लावणं हा साधा उपाय आहे. कलाशिक्षक नसेल तर मराठीच्या बाईंनी करावं. वर्णन आणि पुरावा हे त्यांचंच काम.

ग्रुपवर कुणी सुचवलं, मग हाही एक पेपर ठेवा. नको. पुढच्याच वर्षी गाइडमध्ये ‘पद्मपाणी खाली का पाहतो? तीन कारणे लिहा’ छापून येईल.