तूप मेंदूत जात नसतं

आत्याकडे गेलो, तर तुपाच्या बरणीमागे स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांची, न फोडलेली पाकिटं. तीन आठवडे गोळी बंद! दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलेली बाई. कारण काय, तर भिशीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: 'मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो. गोळ्यांनी ते घटलं की डिप्रेशन येतं. गोळ्या फेका, रोज चार चमचे तूप खा, मन प्रसन्न होईल. कंपन्या हे लपवतात.'

आधी ते तूप. शरीरातलं सुमारे २० टक्के कोलेस्टेरॉल मेंदूत असतं, इथवर ठीक. पण ते मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ओलांडत नाहीत. म्हणजे चार चमचे खा नाहीतर अख्खी बरणी चाटून पुसून संपवा, मेंदूला त्यातलं कोलेस्टेरॉल मिळत नाही. स्टेंट बसवलेल्या धमनीच्या वाट्याला मात्र येऊ शकतं. सल्ला नुसताच खुळचट असता, तर हसून सोडून दिला असता.

'लपवतात' म्हणे! १९९० साली संशोधक मल्डून आणि सहकाऱ्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये उघड छापलं होतं, की कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या चाचण्यांत आत्महत्या, अपघात, हिंसा यांतले मृत्यू जास्त दिसतात. त्या चाचण्या स्टॅटिनच्या आधीच्या, पण शंका रास्त होती. मग याच मल्डूननी २००१ साली, त्याच नियतकालिकात, १९ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत स्टॅटिनच्याही होत्या. अशा मृत्यूंत लक्षणीय वाढ आढळली नाही. फॉरवर्डवाल्यांचं कॅलेंडर १९९० नंतर उलटलेलंच नाही.

आता नाइलाजाने एक कबूल करतो. नैराश्याच्या काही रुग्णांत कोलेस्टेरॉल कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. तसं न आढळल्याचेही आहेत. पण मन खचलं की जेवण तुटतं, वजन उतरतं, त्याबरोबर कोलेस्टेरॉलही उतरू शकतं. आधी काय झालं नि मागून काय, एवढं तरी बघाल? गोळी घेऊन कुणाला उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगावं. गोळी बदलता येते.

आत्याचं म्हणाल, तर काका जाऊन पाच महिने झालेत. रात्री चहा-बिस्किटं खाऊन झोपते. "एकटीसाठी कुठे कुकर लावू रे," म्हणाली. डॉक्टरांना फोन करून गोळी पुन्हा सुरू केलीय. गुरुवारी तिला घेऊन जातोय, तेव्हा झोपेचं नि जेवणाचंही सांगणार आहे. तूप वरणभातावर घेते तेवढं घेऊ दे. आधी वरणभात तर शिजू दे.