पडदा गुंडाळायची सोपी रीत

गावात कोणी माहितीपट दाखवतो म्हणाला, तर घाबरू नका. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावानं तो परवा कसा बंद पाडला, ते मी पडदा बांधता बांधता पाहिलं. रीत फुकट सांगतो. विषय होता परदेशातल्या एका कर्मठ मुलखातले, बाई बनून मंचावर येणारे कलाकार. ड्रॅग म्हणतात तिकडे.

आधी माहितीपट पाहू नका. पाहिला की विरोध करायला जड जातं.

सभागृहाची चावी हरवा.

"लेकरं काय शिकतीन?" हे पाठ करून ठेवा.

मग संस्कृती काढा. पण मंडई भरायच्या आधी काढा बरं! दिवाळी झाली, धान कापणीला आलं की मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, भरते; रात्री दंडार, म्हणजे आमचं लोकनाट्य, उभी राहते. खडीगंमत नावाच्या नाचगाण्याच्या खेळात मिशी काढलेला, लुगडं नेसलेला, घुंगरू बांधलेला नाच्या आला की हेच संस्कृतिरक्षक पुढच्या रांगेत दहाची नोट हलवत असतात. तेव्हा लेकरं आठवत नाहीत, कारण लेकरू मांडीवरच असतं. सकाळी तोच नाच्या दुकानात तेल घ्यायला आला की त्याला "बायल्या" म्हणायचं. बालगंधर्वांच्या नेसण्याची नक्कल घरंदाज बायकांनी केली, १९६४ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं, ते मात्र आपलं वैभव! आणि नाच्या म्हणजे सगळे एकच, असं नाही. कोणी बायकोपोरांचा गडी असतो, रात्रीपुरतं सोंग घेतो. एखाद्याचा मात्र लुगडं सोडताना जीव जातो. सोंग वेगळं, आपण कोण आहोत ते वेगळं. त्या माहितीपटात तेवढंच होतं, बाप्पा. पण तुम्ही कायले पाहता!

कोणी कायदा काढलाच, तर "इथं कायदा नको शिकवू" म्हणा. स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा तृतीयपंथीयांचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ला मान्य केला. तो निकाल आणणारी बस अजून आली नसेल गावात.

जाऊ द्या, मला नाही जमत हे हसत लिहायला. वायर गुंडाळताना दंडारीत नाचणारं एक पोट्टं जवळ आलं आणि हळूच म्हणालं, "दादा, मोबाइलवर दिसन का हे?" इकडेतिकडे पाहत विचारलं त्यानं, चोरासारखं. त्याच्या नाचावर शिट्ट्या तुम्हीच मारल्या होत्या ना? मग तोंड लपवायची पाळी त्याच्यावर काहून? लाज वाटू द्या जराशी. आणि त्या गोंधळात माझी पडद्याची दोरी ज्यानं नेली, त्यानं ती आणून द्या.