खालच्या काकांचं छत

पापलेट घेताना आपण बिनदिक्कत कल्ला उघडून बघतो. कोळीण चार शब्द सुनावते, पण बघू देते. मुंबईत कोटभर रुपये मोजून जुनं घर घ्यायला गेलं की मात्र कशाला हात लावायची सोय नसते, कारण त्यात माणसं राहत असतात आणि ती चहा देतात. एका हातात कपबशी धरून यजमानांच्या बेडरूमची भिंत हुंगणं मला तरी जमत नाही.

मामाला जमतं. मामा निवृत्त ओव्हरसियर. घर बघायला तो भर मे महिन्यातही छत्री घेऊन येतो आणि तिच्या लोखंडी टोकाने लाद्या ठोकत चालतो. टणटण वाजली तर लादी भरीव, बदबद वाजली तर खालचा माल सुटलेला. मुलुंडच्या त्या घरात हॉलभर टणटण करत गेलेली छत्री बाथरूमच्या दारापाशी एकदम बदबदली.

"काका, पाय दुखतो का?" घरातल्या वहिनींनी काळजीने विचारलं.

"गुडघा," मामा म्हणाला आणि आणखी दोन लाद्या वाजवून घेतल्या.

"एकदम मेंटेन्ड फ्लॅट आहे साहेब," एजंट मला सांगत होता. "नुसतं सामान टाका आणि राहायला या." क्षेत्रफळ त्याने अर्थातच बिल्ट-अप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, सांगितलं. 2017 साली बिल्डरांवर लक्ष ठेवणारं महारेरा हे सरकारी प्राधिकरण आलं, नव्या प्रकल्पांना कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ, सांगणं भाग पडलं, पण ती बातमी अजून त्याच्यापर्यंत पोचायची असावी.

बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग होता आणि त्यावर गुडघ्याच्या उंचीवर कॅलेंडर. इतक्या खाली तिथी कोण बघतं, मांजर? "संकष्टी कधी आहे गं?" असं पुटपुटत मामाने ते उचललं. मागे रंगाचे पोपडे आणि त्यांच्या कडेने फुटलेलं पांढरं मीठ. भिंतीत पाणी मुरलं की ते सुकताना आतले क्षार घेऊन बाहेर येतं. त्यावर कितीही महाग रंग लावा, तो पुढच्या पावसापर्यंतच. मामाने कॅलेंडर जागच्या जागी लावलं आणि संकष्टी मंगळवारी असल्याचं जाहीर केलं.

हॉलच्या पीओपीच्या खोट्या छतात मला आवडलेले पिवळे दिवे होते. "दिवे काय बघतोस, स्लॅब कुठाय?" मामा कानात खेकसला. खरंच, स्लॅब पीओपीच्या वर गडप. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत आतली सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. ते दिसायला तरी हवं. इमारत 30 वर्षांवरची, म्हणजे पालिकेच्या कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट, इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सक्तीचं.

"झालंय ना," एजंट म्हणाला. "रिपोर्ट सोसायटीच्या ऑफिसात आहे."

"चला, बघू."

"चावी सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी गावाला गेलेत."

घर घ्यायला निघाल्यापासून मी पाहतोय, सगळ्या मुंबईतले सेक्रेटरी गावाला गेलेत.

मग मामाला "जरा जाऊन यायचं" होतं. हे त्याचं प्रत्येक घरी असतं. आतून फ्लश, नळ, शॉवर, बादली, पुन्हा फ्लश असे आवाज येत राहिले. बाहेर आम्ही तिघं पंख्याकडे बघत बसलो. "डायबिटीस आहे का हो त्यांना?" वहिनींनी हळूच विचारलं. मी मान हलवली. होकारार्थीच हलवली असावी, कारण मामाला दुसरा चहा बिनसाखरेचा आला.

निघताना लिफ्ट सोडून मामा जिन्याने एक मजला उतरला आणि सरळ खालच्या घराची बेल दाबली. गच्ची गळली तर खर्च सोसायटीचा, पण आपलं बाथरूम खाली गळलं तर तो सभासदाचा, हे सोसायटीचे उपविधी त्याला पाठ आहेत. दार उघडलेल्या काकांना त्याने एवढंच विचारलं, "वरचं घर बघायला आलो होतो. तुमचं छत बघू का?"

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी आम्हाला हात धरून बाथरूममध्ये नेलं. छताला प्लॅस्टिक बांधलेलं, त्याला नळी लावलेली, नळी बादलीत. शेजारी सोसायटीला लिहिलेल्या पत्रांची जाडजूड फाइल, तीही भिजून सुकलेली.

"वरच्यांनी आता दारही उघडायचं सोडलंय," काका म्हणाले. मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही सज्जन दिसता. घ्या हो ते घर. हवा छान आहे." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, चहा टाक! वरचे नवीन मालक आलेत, बाथरूम कधी तोडतायत ते विचारून घेऊ."